अलमट्टी, कृष्णेचं पाणी आणि आपली भांडणं: या चुका टाळा

जुलैत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी चढायला लागलं की आमच्या सांगलीतले सगळे व्हॉट्सॲप ग्रुप एकदम जागे होतात आणि पहिला मेसेज ठरलेला असतो, "कर्नाटकनं अलमट्टीचे दरवाजे लावून घेतलेत, झोपू नका." अलमट्टी म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवरचं मोठं धरण, ते भरून ठेवलं की पाणी मागे थोपून सांगली बुडते असा आरोप. मी पण हे मेसेज पुढे ढकललेत, 2019 ला तर आयर्विनला पाणी 57 फुटांपर्यंत गेलं तेव्हा अख्खी रात्र तेच करत बसलो होतो, आणि त्यातला एक स्क्रीनशॉट चक्क मागच्या वर्षीचा होता हे पाणी ओसरल्यावर कळलं. तेव्हापासून आधी तारीख बघतो, मग आकडा.

आता आकड्याचंच घ्या, सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. टीएमसी म्हणजे साठा, क्युसेक म्हणजे वेग. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर, आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. कुणीतरी लिहितं "अलमट्टीतून 2 लाख टीएमसी सोडलं", अहो अख्खं अलमट्टी 123 टीएमसीचं आहे आणि कोयना 105 ची! हिशेब सोपा आहे, एक लाख क्युसेक पूर्ण 24 तास सोडलं की साडेआठ टीएमसीच्या थोडं वर पाणी जातं. म्हणजे धरणात 50 टीएमसी जागा करायची तर, वरून येतंय त्यापेक्षा 3 लाख क्युसेक जास्त सोडलं तरी दोन दिवस जातात, आणि ते पाणी खाली नारायणपूर धरणावरून रायचूरकडे जातं, तिकडं पण नदीकाठी गावं आहेतच की. "रात्रीत रिकामं करा" ही मागणी म्हणून ठीक आहे, पण होत नाही.

म्हणून नुसता विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, बघू नका. आवक किती, जावक किती आणि पातळी किती मीटर, हे तिन्ही एकाच वेळचे आकडे लागतात. समजा आवक दीड लाख आणि जावक एक लाख, तर धरण भरत चाललंय, तेव्हा ओरडायला कारण आहे. जावक जास्त असेल तर ते जागाच करतायत. 2019 ला अलमट्टीचा विसर्ग 5 लाख क्युसेकच्या पुढे गेला होता तरी आमच्याकडे पाणी होतंच. मग पाणी सोडायला उशीर झाला का, हा प्रश्न वेगळा, तो जरूर विचारा, पण "सोडतच नाहीत" असं नाही.

एकच व्हिलन धरायची सवय तर जातच नाही. जरा नदीचा नकाशा डोळ्यासमोर आणा, कराडला कोयना मिळते, सांगलीच्या खाली लगेच हरिपूरला वारणा आणि पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. वारणा आणि पंचगंगा दोन्ही फुगल्या की कृष्णेला पुढे सरकायला वाव उरत नाही, पाणी मागे थोपतं. त्याच्या पुढे हिप्परगी बंधारा आणि मग कुठे अलमट्टी. राधानगरीचं तर बघायलाच नको, शाहू महाराजांच्या त्या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित, पाणी पातळीला आलं की आपोआप उघडतात, एकेका दरवाज्यातून 1428 क्युसेक. आणि लोक विचारतात की रात्री दोन वाजता दरवाजा कुणी उघडला! 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला दोषी धरलं नव्हतं, ते आमच्याकडे बऱ्याच जणांना पटलेलं नाही आणि त्यांचे मुद्दे फेकून देण्यासारखे नाहीत, पण निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या नदीकाठच्या पट्ट्यात, भराव टाकून उठलेल्या इमारतींबद्दल हेच लोक गप्प असतात हे मात्र खटकतं.

पुढची चूक जरा मोठी आहे, लवाद, म्हणजे राज्यांमधल्या पाणीवाटपाचा निवाडा करणारं मंडळ, आणि पूर एकाच पिशवीत कोंबणं. बच्छावत लवादानं कृष्णेच्या 2060 टीएमसीचं वाटप केलं, महाराष्ट्राला 560, कर्नाटकला 700, आंध्रला 800. हे वर्षाच्या वापराचं वाटप आहे, पुराच्या दिवशी कुणी कुठला दरवाजा किती उचलायचा ते यावरून ठरत नाही. नंतर ब्रिजेशकुमार लवादानं अलमट्टी 524.256 मीटरपर्यंत भरायला परवानगी दिली, पण 2011 ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल राजपत्रात छापायला अटकाव केला आणि राजपत्रात आल्याशिवाय तो लागू होत नाही. त्यामुळे "उंची वाढवली" असं लिहिण्याआधी थांबा, कोर्टानं 2000 साली दिलेली मर्यादा 519.6 मीटरची.

आणि आपण नेहमी खालच्या बाजूचे बिचारे, हे पण डोक्यातून काढा. कृष्णेवर वरच्या अंगाला आपणच आहोत. कोयनेचं 67.5 टीएमसी पाणी विजेसाठी घाट उतरवून कोकणात नेतो ते आपणच. एप्रिल-मे मध्ये कर्नाटक कोयना-वारणेचं पाणी मागतं, ते राजापूर बंधाऱ्यावरून खाली जातं, आणि आमच्या जिल्ह्यातली जतची गावं तुबची-बबलेश्वर या कर्नाटकच्या उपसा योजनेच्या पाण्यासाठी कर्नाटककडे डोळे लावून बसतात. सीमाप्रश्न या चर्चेत ओढला की हे सगळं देणंघेणं अडकतं, ती केस कोर्टात वेगळी चालू आहे, तिथेच राहू दे.

बाभळी बघा. नांदेड जिल्ह्यात गोदावरीवर आपला बंधारा, तेलंगणा खाली, भांडण वर्षानुवर्षं. 2013 ला कोर्टानं तारखाच लिहून दिल्या, 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे वर, 1 मार्चला 0.6 टीएमसी खाली सोडायचं, देखरेखीला तिघांची समिती. नांदेडचे शेतकरी यावर खूश नाहीत, भर पावसाळ्यात पाणी अडवता येत नाही म्हणून, पण 1 जुलैला दोन्हीकडचे अधिकारी बंधाऱ्यावर उभे असतात आणि दरवाजे वर जातात. अलमट्टीला असं कोर्टानं लिहून दिलेलं पावसाळी वेळापत्रक नाही, दोन्ही राज्यांचे इंजिनिअर फोनवर बोलतात, मंत्री बैठका घेतात आणि पाऊस थांबला की सगळे विसरतात. तेव्हा पुढच्या वेळी आमदार पूर बघायला बोटीतून आले की सेल्फी नंतर घ्या, आधी विचारा की ऑगस्टमध्ये पातळी 517 मीटरच्या आसपास ठेवायची ही आपली मागणी कागदावर कधी येणार आणि सही कुणाची असणार.