गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय प्राथमिक शाळेत रुजू होताना: पहिल्या आठवड्याचे कागद कसे वाचायचे

गोव्यात काही आंतरराष्ट्रीय शाळा पावसाबरोबर जूनमध्ये उघडतात, काही जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये. शाळा कधीही उघडो, शिक्षकांना मुलांच्या आधी काही दिवस बोलावलं जातं आणि त्या दिवसांत कागदांचा नुसता पूर येतो. कोण नवीन आलं, कोण सोडून गेलं, कुणाचा वर्ग बदलला, वेळापत्रक, ड्यूटीचा तक्ता, बसचे मार्ग, धोरणं, वर्गयाद्या. मराठी किंवा कोंकणी माध्यमाच्या शाळेतून आलेला, नाहीतर सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडून थेट इथे रुजू झालेला शिक्षक पहिल्या पानापासून वाचायला बसतो आणि तिसऱ्या दिवशी दमतो. त्याऐवजी आधी एकच गोष्ट शोधा: जे लोक गेले त्यांच्या हातातली कामं आता कुणाकडे आली आहेत?

या शाळांत दरवर्षी माणसं बदलतात. परदेशी शिक्षकांचे करार बहुधा एक-दोन वर्षांचे असतात, जोडीदाराची बदली होते, कुणी दुसऱ्या देशात जातं. परिपत्रकात बदल पदाच्या नावाने लिहिलेला असतो. ‘ग्रंथालयात यंदापासून अमुक.’ पण गेलेल्या ग्रंथपालबाई बहुतेक वेळा फक्त ग्रंथालय बघत नसतात. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मैदानावर त्या उभ्या असतात, दुपारच्या एका बसची यादी त्या तपासतात, प्रथमोपचाराच्या कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते, मुख्य बालसुरक्षा अधिकारी रजेवर असला की तो भार त्या सांभाळतात. नव्या माणसाच्या नेमणूकपत्रात यातलं काहीच येत नाही. वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यातले बहुतेक घोटाळे इथूनच निघतात. निष्काळजी कुणी नसतं. काम आपलं आहे हे कुणाला सांगितलेलंच नसतं.

म्हणून एका कागदावर तीन रकाने आखा: काम, गेल्या वर्षी कोण, यंदा कोण. तुमच्या वर्गाला आणि मजल्याला लागणारी कामंच घ्या, ती बारा-पंधराच्या वर जात नाहीत. सकाळी फाटकावर कोण, बसमधून उतरणारी मुलं कोण मोजून घेतं, औषधं कुणाच्या ताब्यात, मधल्या सुट्टीत जिन्यापाशी कोण, शिक्षक अचानक आला नाही तर वर्ग कोण घेतो, फोटो काढायची परवानगी कोण तपासतं, मूल घरी न्यायला कुणी अनोळखी आलं तर निर्णय कोण देतं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो कागद समन्वयकाला ईमेलने पाठवा, तोंडी विचारू नका. त्या आठवड्यात समन्वयकाला दिवसातून चाळीसदा अडवलं जातं. तोंडी विचारलेलं हरवतं, लिहिलेल्याचं उत्तर येतं.

पालकांना जाणाऱ्या पत्रकासाठी तुमची ओळख लिहून मागतील. ऐंशी ते शंभर शब्द पुरतात: कुठला वर्ग, आधी काय शिकवलं, कुठल्या भाषा येतात. मराठी आणि कोंकणी येते हे आवर्जून लिहा. पुष्कळांना ते लिहायला संकोच वाटतो, तो सोडा. त्याचा उपयोग पुढे येतोच. स्वतःचा मोबाइल नंबर लिहू नका आणि मुलांच्या प्रगतीबद्दल कसलाही शब्द देऊ नका.

वर्गयादी

यादी हातात आली की प्रत्येक नावापुढे पाच गोष्टी आहेत का ते पाहा: हाक मारायचं नाव, घरी बोलली जाणारी भाषा, ॲलर्जी किंवा आजार, मूल न्यायला परवानगी असलेल्यांची नावं आणि फोटोची परवानगी. पासपोर्टवरचं नाव आणि हाकेचं नाव वेगळं असणं इथे अगदी नेहमीचं. उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात एकाच वर्गात रशियन, ब्रिटिश, मुंबई-बंगळुरूहून राहायला आलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या गोव्यातली अशी मुलं शेजारी-शेजारी बसू शकतात. उच्चार पालकांकडून ऐकून घ्या आणि देवनागरीत लिहून ठेवा. इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चाराचा अंदाज बांधण्यापेक्षा ते भरवशाचं.

मूल सोडायची वेळ सगळ्यात नाजूक. यादीत नाव नसेल तर मूल सोडायचं नाही, मग समोर रोजचा टॅक्सीवाला असो, ओळखीचा पायलट (मोटरसायकल टॅक्सी चालवणारा) असो, नाहीतर मुलाची सख्खी मावशी. ‘आईने आत्ताच मेसेज केलाय’ हेही पुरत नाही. शाळेच्या नोंदीत जो नंबर आहे त्यावर आपण फोन लावायचा, समोरच्याने दिलेल्या नंबरावर नाही. आईवडील विभक्त असतील आणि ताब्याबद्दल न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत कार्यालयात असते. तुम्हाला ती वाचायची गरज नाही, पण आदेश आहे एवढं माहीत असायला हवं.

ही यादी एक प्रत छापून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून वर्गात ठेवा. पावसात वीज जाते, वायफाय जातं आणि दमट हवेत साधा कागद आठवड्याभरात लिबलिबीत होतो. मात्र भिंतीवर लावू नका. त्यात मुलांची आणि घरांची खासगी माहिती आहे.

ॲलर्जी, आणि यादी स्वयंपाकघरापर्यंत पोचते का

परिपत्रक इंग्रजीत निघतं. स्वयंपाकी, आया, बसमधल्या मावशी, फाटकावरचे रखवालदार कोंकणी, मराठी, कन्नड किंवा हिंदी बोलतात, आणि मुलांच्या पोटात काय जातं हे त्यांच्या हातात असतं. शाळेच्या सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत मोठी फट आहे आणि मराठी येणारा शिक्षक ती बुजवू शकतो.

काजूचं उदाहरण घ्या. यादीत ‘ट्री नट’, म्हणजे काजू-पिस्त्यासारखा झाडावरचा सुकामेवा, एवढाच शब्द असतो. गोव्याच्या स्वयंपाकघरात काजू किती रूपांनी येतो ते बघा: उसळीत ओले काजूगर, तोंडाक नावाच्या रस्सा भाजीत, नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) सारणात, दोदोल या गोड पदार्थात, पुलावावर तळून आणि ग्रेव्ही दाट करायला वाटून. वाटलेला काजू दिसत नाही, आणि मुलांना त्रास होतो तो बहुधा अशा न दिसणाऱ्या जिनसांतून. म्हणून स्वयंपाकघरातल्या कार्डावर मुलाचा फोटो, नाव, वर्ग आणि खाली मराठीत सरळ लिहा: काजू, ओले काजूगर, काजूची पेस्ट, पिस्ता चालणार नाही. पिस्ता यासाठी की काजूची ॲलर्जी असणाऱ्यांना बहुतेकदा पिस्त्याचीही असते. शेंगदाणा मात्र वेगळ्या कुळातला, कडधान्याचा. त्याची ॲलर्जी वेगळी विचारावी लागते. तीच गोष्ट अंड्याची: बेबिंका ही गोव्याची थरांची मिठाई बघून त्यात अंड्याचा बलक आहे हे बाहेरून आलेल्या माणसाला कळणार नाही. कार्ड लावल्यावर स्वयंपाक्याकडून ते मोठ्याने वाचून घ्या. वाचता येत नसेल तर फोटो आणि चित्र. त्यात कुणाला कमीपणा वाटू देऊ नका.

वाढदिवसाचे केक आणि चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) डब्यांतून येणाऱ्या नेवऱ्या ही दुसरी वाट. घरचा खाऊ वर्गात वाटायचा की नाही याचा शाळेचा नियम पहिल्याच पालकसभेत सांगून टाका. नियम सांगायला ऑगस्ट सोपा. सप्टेंबरात समोर भरलेला डबा घेऊन हिरमुसलेलं मूल उभं असतं.

काही मुलांकडे ॲड्रेनलिनचं पेन, म्हणजे ॲलर्जीच्या तीव्र झटक्यात द्यायचं तयार इंजेक्शन, असतं. ते भारतात सहज मिळत नाही, पालक परदेशातून आणतात, आणि त्याची मुदत साधारण 12 ते 18 महिन्यांची असते. म्हणून वर्षाच्या पहिल्या दिवशी मुदतीची तारीख स्वतः वाचा. पेन 25 अंशांखाली ठेवायचं असतं, पण फ्रिजमध्ये नाही. उन्हात उभ्या बसमध्ये तर मुळीच नाही. कुलपात ठेवू नका. एका मुलामागे दोन पेन असावीत, कारण पहिल्या मात्रेनंतर पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरी लागू शकते. पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गरज पडली तर कपड्यांवरूनच द्यायचं, त्याच वेळी रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करायचा आणि मुलाला आडवं ठेवायचं. श्वास घ्यायला जड जात असेल तर बसू द्यायचं. चालायला लावायचं नाही. सराव पेन हातात घेऊन नर्ससमोर एकदा करून बघा. सूचनापत्र वाचून आलेला आत्मविश्वास ऐनवेळी टिकत नाही.

एक सावधगिरी. मराठी येते म्हटल्यावर प्रत्येक बैठकीत तोंडी भाषांतर तुमच्याच गळ्यात पडेल. आनंदाने करा, पण लिहून करा. तोंडी सांगितलेलं तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी नसतं. लिहिलेलं कार्ड असतं.

बालसुरक्षेचं धोरण

हे धोरण सही करायला देतात तेव्हा बहुतेक जण शेवटच्या पानावर जातात. सहीच्या आधी तीन उत्तरं मिळवा: जबाबदार अधिकारी कोण, तो नसताना कोण, नोंदीचा फॉर्म कुठे आहे. यातलं दुसरं नाव वर्षारंभी सर्वाधिक वेळा जुनं राहिलेलं असतं.

पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, 2012 चा. त्याच्या कलम 19 नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी भीती वाटली तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाला शिक्षा जास्त. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला त्याच कलमात संरक्षण आहे. शाळेची अंतर्गत चौकशी हा पोलिसांना कळवण्याला पर्याय नाही. ‘आधी आपण खात्री करू’ असं वरिष्ठ म्हणाले तरीही नाही. गोव्याचा स्वतःचा बाल कायदाही 2003 पासून आहे, त्याची ओळख प्रशिक्षणात करून द्यायला सांगा.

मूल काही सांगू लागलं तर ऐका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘त्याने हात लावला का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका. मग लगेच, त्याच दिवशी, मुलाचे शब्द त्याने ज्या भाषेत उच्चारले त्याच भाषेत लिहा. मूल कोंकणीत बोललं आणि नोंद नेटक्या इंग्रजीत झाली की शब्दांचा नेमका अर्थ निसटतो. तारीख, वेळ, सही करून कागद जबाबदार अधिकाऱ्याकडे द्या; शिक्षकखोलीत त्याची चर्चा नाही. 1098 हा बालसाहाय्याचा आणि 112 हा आपत्कालीन क्रमांक ओळखपत्राच्या मागे चिकटवून ठेवा.

अभ्यासक्रम आणि दिनदर्शिका

इथल्या शाळांत मुख्यतः आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेचा) प्राथमिक कार्यक्रम, म्हणजे पीवायपी, नाहीतर केंब्रिज प्रायमरी असतो. केंब्रिजमध्ये पाच ते अकरा वयासाठी सहा स्टेज आहेत. शाळेची इयत्ता आणि स्टेज यांची जोडी कशी लावली आहे ते विचारून घ्या, आकडा तोच असेल असं धरू नका. पीवायपीत सहा व्यापक विषयसूत्रं असतात आणि पहिलीपासून पुढे वर्षाला सहा युनिट्स, म्हणजे एकेका सूत्राभोवती काही आठवडे चालणारे अभ्यासघटक, घ्यावी लागतात. तीन ते पाच वयाच्या मुलांना किमान चार. युनिट एकट्याने आखायचं नसतं. संगीत, कला, खेळ, भाषा यांचे शिक्षकही नियोजनात बसतात. म्हणून वेळापत्रकात सर्वांचा समाईक मोकळा तास आहे का ते पहिल्याच दिवशी तपासा. नसेल तर लगेच बोला. दोन आठवड्यांनी वेळापत्रक घट्ट होतं आणि मग नियोजन व्हॉट्सॲपवर चालतं, म्हणजे होत नाही.

शाळेचे 36 आठवडे धरले तर सहा युनिट्सना सहा-सहा आठवडे येतात. कागदावर हिशोब बरोबर दिसतो, तो चवथीला बिघडतो. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे ती 14 सप्टेंबरला. ऑगस्टमध्ये उघडणाऱ्या शाळेत एका वर्षी चवथ पहिल्या युनिटच्या मध्यावर येते, दुसऱ्या वर्षी त्याच्या अखेरीस. गेल्या वर्षीचा आराखडा तारखांसह जसाच्या तसा उचललात तर मुलांचं अंतिम सादरीकरण नेमकं सुट्टीत पडतं. शाळेची सुट्टी तीनच दिवसांची असली तरी ड्रायव्हर आणि आया दीड, पाच, सात किंवा नऊ दिवस गावी असतात. त्या आठवड्यात बस उशिरा येतील, एखादा मार्ग जोडून धावेल. सहल, नाटक, पालकांची भेट तेव्हा ठेवू नका. 3 डिसेंबरचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त आणि नाताळच्या आधीचा पंधरवडा यांचाही विचार आताच करा. परदेशी कुटुंबं सुट्टीच्या बरीच आधी निघून जातात.

आगीची कवायत पहिल्या महिन्यात होते, पावसातही. त्या वेळी मुलं वर्गात असतीलच असं नाही. निम्मी संगीतात, एक नर्सकडे, एक स्वच्छतागृहात. नियम असा ठेवा की मुलं ज्याच्याकडे आहेत तो मोजणी करतो, आणि वर्गाची छापील यादी वर्गशिक्षक मैदानावर आणतो. आकडा जुळला नाही तर इमारतीत परत धावायचं नाही. ज्या ठिकाणचं मूल कमी आहे ते ठिकाण प्रमुखाला सांगायचं.

दोन-तीन आठवडे याद्या बदलत राहतात. व्हिसा उशिरा मिळालेलं मूल येतं, कुणी दुसऱ्या शाळेत जातं, बसचा थांबा बदलतो. नवी यादी आली की जुनीवर आडवी रेघ मारून ती कार्यालयात नष्ट करायला द्या आणि नवीच्या कोपऱ्यात तारीख घाला. मग स्वयंपाकघरातलं कार्ड, बसमधल्या मावशींकडची यादी आणि खेळाच्या शिक्षकाच्या पिशवीतली प्रत या तीन जागी स्वतः जाऊन तारीख बघा. जुनी प्रत बहुतेक खेळाच्या पिशवीतच सापडते.