माजी विद्यार्थ्यांच्या यशाची बातमी लिहिताना या चुका टाळा

लोकसेवा आयोगाचा अंतिम निकाल दुपारी लागतो आणि संध्याकाळपर्यंत कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स झळकतो: 'आमची माजी विद्यार्थिनी आयएएस!' त्यामागचा आनंद शंभर टक्के खरा असतो आणि तो साजरा व्हायलाच हवा. पण त्या दिवशी ती मुलगी अजून आयएएस झालेली नसते.

नागरी सेवा परीक्षा २०२४ चा निकाल २२ एप्रिल २०२५ ला लागला. आयोगाने १००९ उमेदवारांची शिफारस केली. त्या परीक्षेतून आयएएसच्या भरायच्या जागा होत्या १८०. उरलेले सगळे आयपीएस, परराष्ट्र सेवा, महसूल सेवा, रेल्वे, लेखापरीक्षण अशा वेगवेगळ्या सेवांत जाणार होते. आयोग फक्त शिफारस करतो. कोणाला कोणती सेवा, हे क्रमांक, पसंतीक्रम, प्रवर्ग आणि वैद्यकीय तपासणी पाहून केंद्राचा कार्मिक विभाग नंतर ठरवतो. सहाशेच्या आसपास क्रमांक आलेल्या मुलीला आपण निकालाच्या दिवशी आयएएस करून टाकलं आणि पुढे तिला रेल्वेची सेवा मिळाली, की गावात तिच्या आईवडिलांना विचारलं जातं, "आयएएस होती ना, मग रेल्वेत कशी काय?" देशातल्या लाखो परीक्षार्थींतून वर आलेल्या मुलीचं यश आपल्या एका शब्दाने उणं ठरतं.

निकालाच्या दिवशी 'नागरी सेवा परीक्षेत देशात अमुकावा क्रमांक, सेवावाटप व्हायचं आहे' एवढंच लिहायचं. वाटप झालं की दुसरी बातमी करायची. एमपीएससीलाही हेच लागू: शिफारस आयोग करतो, नियुक्तीचा आदेश शासन काढतं, आणि या दोहोंमध्ये कित्येकदा बरेच महिने जातात.

माजी विद्यार्थ्यांच्या बातम्या म्हणजे हारतुऱ्यांचं सदर असं मानणारे पुष्कळ आहेत. मला ते मान्य नाही. अशा बातम्या छापणारं कॉलेजचं वार्तापत्र सगळ्यात बारकाईने कोण वाचतं, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली मुलं. आपल्याच बाकावर बसून गेलेला माणूस कुठे पोहोचला आणि कसा, हे ती त्यात शोधत असतात. जे घडलं तेवढंच आणि जसं घडलं तसंच त्यांच्यापर्यंत जायला हवं.

टप्पा चुकतो, तिथेच सगळं बिघडतं

आलेल्या मजकुरात सगळ्यात जास्त गोंधळ असतो तो टप्प्यांचा. 'डॉक्टरेट मिळाली' असं लिहून येतं आणि चौकशी केली तर प्रबंध नुकताच सादर झालेला असतो. प्रबंध सादर होणं, परीक्षकांचे अहवाल येणं, मौखिक परीक्षा होणं आणि विद्यापीठाची अधिसूचना निघणं या चार वेगळ्या घटना आहेत. अधिसूचना हातात आल्याशिवाय नावाआधी डॉक्टर लावू नका. खुद्द बाबासाहेब आंबेडकरांच्या कोलंबिया विद्यापीठातल्या पीएचडीची नोंद १९२७ ची आहे. त्यांचं तिथलं अध्ययन त्याच्या कितीतरी आधी संपलं होतं, पण छापील प्रबंध विद्यापीठाला दिल्यावरच पदवी देण्याचा तिथला नियम होता. अध्ययन संपल्याचं वर्ष आणि पदवीचं वर्ष, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणतं वर्ष कशाचं, हे लिहिलं की वाद उरत नाही.

पेटंटच्या बातम्यांना तर दुर्बीण लावूनच तपासावं लागतं. 'पेटंट मिळालं' या दोन शब्दांखाली निदान चार प्रकार येतात. अर्ज दाखल झालेला असतो. किंवा तो पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेला असतो. अशी प्रसिद्धी साधारणपणे १८ महिन्यांनी आपोआप होते आणि लवकर हवी असेल तर वेगळा अर्ज करून मिळते. तिचा गुणवत्तेशी काहीही संबंध नसतो. तिसरा प्रकार म्हणजे तपासणी होऊन, हरकतींना उत्तरं देऊन पेटंट खरोखर मंजूर झालेलं असतं. त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. आणि चौथा, सध्या फार वाढलेला प्रकार: ते पेटंट नसतंच, ती डिझाइनची नोंदणी असते. डिझाइन म्हणजे वस्तूचा बाह्य आकार आणि रूप. ती वस्तू काम कसं करते याचं संरक्षण त्यात येत नाही. ब्रिटनमध्ये तर नावीन्य न तपासता अशी नोंदणी होते, आणि ते प्रमाणपत्र आपल्याकडे 'आंतरराष्ट्रीय पेटंट' म्हणून फिरतं.

उपाय सोपा आहे. अर्ज क्रमांक मागा, भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाका, समोर स्थिती दिसते. 'दाखल', 'प्रसिद्ध', 'मंजूर' यांपैकी जो शब्द तिथे असेल तोच छापा. ज्याने वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत घाम गाळून पेटंट मंजूर करून घेतलं, त्याच्या शेजारी डिझाइनचं प्रमाणपत्र त्याच मथळ्याखाली छापणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

पद्म पुरस्कारांत 'जाहीर' आणि 'प्रदान' यांत गल्लत होते. प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला नावं जाहीर होतात, राष्ट्रपतींच्या हस्ते सोहळा नंतर होतो. आणखी एक: 'पद्मश्री अमुक तमुक' असं नावाला जोडून लिहायचं नाही. हे किताब नाहीत, ते नावाच्या आधी किंवा नंतर लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं आहे. 'पद्मश्रीने सन्मानित' असं वाक्यात लिहा.

'पहिला' लिहिण्याआधी थांबा

'पहिली महिला', 'देशातला एकमेव', 'जगात प्रथमच'. असे शब्द मजकुरात आले की मी पेन्सिलीने खूण करते आणि पाठवणाऱ्याला फोन लावते: कशात पहिला? आणि हे कोणी म्हटलंय?

राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. यातले 'स्वतंत्र' आणि 'वैयक्तिक' हे दोन्ही शब्द लागतात. 'भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक' असं लिहिलं की ते सरळ चूक ठरतं, कारण हॉकीची सुवर्णपदकं १९२८ पासून आहेत. तरी जयंती-पुण्यतिथीला हे दोन शब्द दरवर्षी कुठेतरी गळतात.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण आणखी बोलकं आहे. मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं आणि पुढे व्यवसाय केला. आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मध्येच गेल्या, त्यांना व्यवसाय करायला आयुष्यच उरलं नाही. त्यामुळे 'पहिली भारतीय महिला डॉक्टर' एवढं लिहून भागत नाही. अमेरिकेत जाऊन वैद्यकीय पदवी मिळवणारी मराठी मुलगी म्हणून त्यांचं मोठेपण पुरेसं आहे, त्याला दुसऱ्या कुणाला बाजूला सारायची गरज नाही.

कॉलेजपुरतं 'पहिला' लिहायचं असेल तर जुने अंक, सत्काराच्या नोंदी, गुणवत्ता फलक पाहा आणि 'आमच्याकडील नोंदींनुसार' हे शब्द ठेवा. कोणीतरी १९७० च्या दशकात तेच केलेलं असतं आणि त्यांचं पत्र येतंच.

पुरस्कार कोणाचा, यादी कसली

एखाद्या पंचतारांकित हॉटेलात 'ग्लोबल एक्सलन्स' धाटणीचा पुरस्कार मिळाल्याची बातमी फोटोसकट येते. तीन प्रश्न विचारा: पुरस्कारासाठी पैसे भरावे लागले का? निवड कोणी केली? त्या दिवशी आणखी किती जणांना मिळाला? पैसे भरून घेतलेला पुरस्कार छापू नका. माणूस दुखावेल असं वाटत असेल तर त्याला त्याच्या कामाबद्दल विचारा. बहुतेकांकडे सांगण्यासारखं काम असतं, ते छापा. मानद डॉक्टरेटच्या बाबतीत देणारी संस्था विद्यापीठ आहे का, हे आधी बघा. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, त्या यादीत महाराष्ट्रातलंही नाव आहे.

'जगातल्या अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत समावेश' ही दर सप्टेंबर-ऑक्टोबरची हमखास बातमी. हा स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पुरस्कार नव्हे. तिथल्या संशोधकाच्या पुढाकाराने, स्कोपस या संशोधनलेखांच्या माहितीसाठ्यातल्या उद्धरण-आकडेवारीवरून (कोणाच्या लेखांचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला) तयार होणारी ती यादी आहे, आणि तीही एक नाही: एक संपूर्ण कारकिर्दीची, दुसरी एका वर्षाची. दोन्हींचं वजन सारखं नाही, म्हणून कोणत्या यादीत नाव आहे ते लिहा. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचं 'सीनियर मेंबर' होणं आणि 'फेलो' होणं यातही जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एका वर्षात मतदार सदस्यांपैकी जास्तीत जास्त ०.१ टक्का फेलो निवडले जातात.

नाव, वर्ष, संस्था

इंग्रजी प्रोफाइलवरून नाव उचललं की काळेंचे काले आणि राणेंचे राने होतात. नाव देवनागरीत त्यांच्याकडूनच लिहून घ्या. लग्नानंतर आडनाव बदललेल्या माजी विद्यार्थिनीला विचारा, बातमीत कोणतं नाव हवं. वर्गमित्रांना ती जुन्या नावानेच आठवत असते आणि अनेकींना तेच नाव छापलेलं आवडतं. 'ब्याण्णवची बॅच' म्हणजे प्रवेशाचं वर्ष की पास होण्याचं, हे एकदा ठरवा आणि अंकभर तेच पाळा.

संस्थेची नावं बदलतात, पदवी बदलत नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर १९६६ मध्ये केमिकल इंजिनिअर झाले ते मुंबई विद्यापीठाच्या यूडीसीटीतून, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञान विभागातून. त्याच संस्थेला आज आयसीटी म्हणतात, आणि २००८ पासून ती स्वतःच विद्यापीठाच्या दर्जाची आहे. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला, पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव २०१४ मध्ये मिळालं. बातमीत आजचं नाव द्या, कंसात तेव्हाचं द्या. अकरावी-बारावीपुरत्या आलेल्यांना पदवीधर म्हणून मिरवू नका. 'कनिष्ठ महाविद्यालयाचे विद्यार्थी' असं लिहिल्याने कोणाचंच काही कमी होत नाही.

पॅकेज छापू नका

हे माझं ठाम मत आहे. 'वार्षिक ५० लाखांचं पॅकेज' या आकड्यात मूळ पगार, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस आणि तीन-चार वर्षांत थोडे थोडे हाती येणारे शेअर असं सगळं बसवलेलं असतं. महिन्याला खात्यात येणारी रक्कम त्या आकड्याच्या जवळपासही नसते. तो वाचून धाकट्या भावंडांवर, वर्गातल्या मुलांवर ताण येतो तो मात्र खराखुरा असतो. काम काय, कोणत्या शहरात, निवड कशी झाली, काय शिकून गेले, हे छापा.

आधी विचारा, चुकलं तर दुरुस्त करा

फोटो आणि मजकूर छापण्यापूर्वी त्या व्यक्तीची लेखी संमती घ्या. व्हॉट्सॲपवरचा स्पष्ट होकारही चालतो. कोचिंग क्लासनी निकालानंतर उमेदवाराची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव किंवा फोटो जाहिरातीत वापरू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावलं. कॉलेजने स्वतःहून तेवढं तरी पाळावं. मूळ निकालपत्रातला आसन क्रमांकही ताडून बघा. नागरी सेवा परीक्षा २०२२ च्या निकालात मध्य प्रदेशातल्या दोघींनी एकाच आसन क्रमांकावर दावा केला होता आणि आयोगाला खुलासा करावा लागला. वर्गाच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड हा पुरावा नव्हे.

एवढं करूनही चूक होते. झाली तर पुढच्या अंकात पहिल्या पानावर, चूक कोणती आणि बरोबर काय ते दोन ओळींत द्या, आणि ऑनलाइन आवृत्तीत मूळ मजकूर दुरुस्त करून खाली तारीख टाका. कोणी स्वतःची बातमी काढून टाकायला सांगितली तर कारण न विचारता काढा. नोकरीतला करार असतो, घरातली अडचण असते, कधी सुरक्षेचा प्रश्न असतो.

ज्यांची बातमी कधीच येत नाही

नॅक ही संस्था महाविद्यालयांचं मूल्यांकन करते, त्यात माजी विद्यार्थ्यांचा सहभागही पाहिला जातो. मूल्यांकन जवळ आलं की सगळीकडे धावपळ सुरू होते आणि मोठ्या पदांची नावं गोळा केली जातात. या धावपळीत जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका, शेतकरी उत्पादक कंपनी चालवणारा पदवीधर, मुलं मोठी झाल्यावर दहा वर्षांनी पुन्हा नोकरीला लागलेली संगणकाची विद्यार्थिनी, यांच्याकडे कोणी फिरकत नाही. ते स्वतःहून पाठवतही नाहीत. 'आमचं कसलं यश' असं म्हणतात.

त्यांच्यासाठी फॉर्मवरचा प्रश्नच बदला. 'आपली उल्लेखनीय कामगिरी लिहा' या रकान्यात बहुतेक जण रेघ मारून देतात. त्याऐवजी विचारा: सध्या रोज काय काम करता? या वर्षी त्यात नवीन काय केलंत? कॉलेजातल्या मुलांना त्यातलं काय उपयोगी पडेल? फोन करणार असाल तर रविवारी सकाळी करा आणि बोलणाऱ्याला मध्ये तोडू नका. दहा मिनिटांनी 'अहो, एक राहिलंच सांगायचं' असं म्हणून जे सुरू होतं, तिथे वही उघडा. लिहिलेला मजकूर छापण्याआधी त्यांना एकदा वाचून दाखवा, आणि अंक निघाला की एक छापील प्रत त्यांच्या घरच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवा.