संहती कुणाची, तापमान किती? पेशी आणि विकरांच्या पाठातल्या या चुका टाळा

आठवी ते दहावीच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य दरवर्षी हमखास भेटतं: 'परासरणात पाणी जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातं.' अक्षर सुबक असतं, खाली रेघही ओढलेली असते. गुण मात्र जातात, कारण संहती, म्हणजे द्रावणातलं प्रमाण, कुणाची ते सांगायचं राहिलेलं असतं. पाण्याची म्हणत असाल तर वाक्य बरोबर. मिठाची किंवा साखरेची म्हणत असाल तर ते नेमकं उलटं झालं.

विसरणात हा घोळ होत नाही. तिथे जो पदार्थ पसरतो त्याच्याच संहतीबद्दल आपण बोलत असतो. परासरणात सरकतं पाणी, आणि मोजायची सवय आपल्याला असते मिठाची. म्हणून उत्तरात 'संहती' हा शब्द एकटा सोडूच नका. 'जिथे पाण्याचं प्रमाण जास्त तिथून, निवडक्षम पारपटलातून, जिथे पाण्याचं प्रमाण कमी तिकडे' असं लांबलचक लिहा. एक ओळ वाढली तरी बिघडत नाही. पारपटल, म्हणजे ठरावीक पदार्थांनाच वाट देणारा पातळ पडदा, लिहायला विसरलात तर तेही अर्धंच उत्तर.

कारण विचारलं की वर्गातून आवाज येतो, "मीठ पाण्याले ओढते ना सर." घरी बोलायला हे चालेल, पेपरात लिहू नका. पाण्याचे रेणू पटलातून दोन्ही बाजूंना सतत ये-जा करतच असतात. खारट बाजूला पाण्याचा वाटा कमी असल्यामुळे तिकडून कमी रेणू परततात, आणि हिशेब केला तर पाणी खारट बाजूला गेलेलं दिसतं. दोन्ही बाजूंचं प्रमाण सारखं झालं, म्हणजे द्रावण समपरासारी झालं, तरी ये-जा थांबत नाही. जाणारे आणि येणारे सारखे होतात, एवढंच. 'समपरासारी द्रावणात पाण्याची हालचाल होत नाही' हे वाक्य त्यामुळे चूक ठरतं.

अतिपरासारी, पण कोणाच्या मानाने?

'मिठाचं पाणी अतिपरासारी असतं' एवढंच लिहिलं तर ते अर्धवट. अतिपरासारी म्हणजे समोरच्या पेशीपेक्षा दाट, अवपरासारी म्हणजे तिच्यापेक्षा पातळ. द्रावणाचा हा गुण नेहमी समोरच्या पेशीशी तुलना करून ठरतो. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर बघा. तिथलं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. जून 2020 मध्ये ते गुलाबी झालं होतं, आणि तो रंग हॅलोआर्किया नावाच्या आदिकेंद्रकी (पेशीत स्पष्ट केंद्रक नसलेल्या) सूक्ष्मजीवांचा होता. बटाट्याची फोड अशा खाऱ्या पाण्यात मऊ पडेल. हे जीव मात्र त्यातच मजेत वाढतात, कारण आपल्या पेशीत ते पोटॅशियमचे क्षार भरपूर साठवतात आणि आतबाहेरचा तोल राखतात. त्यांचे विकर, म्हणजे पेशीतल्या अभिक्रिया घडवून आणणारे एन्झाइम, तेही भरपूर क्षारात चालायलाच घडलेले असतात. कमी क्षाराच्या पाण्यात त्यातल्या अनेकांचा आकार बिघडतो.

दवाखान्यात सलाईनची बाटली चढवतात, तिच्यावर 0.9 टक्के सोडियम क्लोराइड असं छापलेलं असतं. लिटरला 9 ग्रॅम मीठ. तांबड्या रक्तपेशींच्या मानाने हे समपरासारी असतं. 'शिरेतून नुसतं शुद्ध पाणी का देत नाहीत?' या प्रश्नाला बरीच मुलं 'त्यात ताकद नसते' असं लिहितात. खरं उत्तर असं की शुद्ध पाणी रक्तपेशींच्या मानाने अवपरासारी असतं, ते पेशीत शिरतं, आणि पेशीभित्तिका (पटलाबाहेरची कडक भिंत) नसल्यामुळे त्या फुगून फुटतात. वनस्पतीची पेशी त्याच पाण्यात टम्म फुगते, पण फुटत नाही. भित्तिका तिला आवरून धरते. या दोन उत्तरांची अदलाबदल फार होते.

याच भागातली एक चूक पेपराबाहेर जास्त महाग पडते. उन्हाळ्यात जुलाब लागले की ओआरएसचं पाकीट आणतात, आणि एक लिटर पाण्यात घोळायची पूड एका पेल्यात घोळून पाजतात, 'जास्त कडक' म्हणून. इतकं दाट द्रावण आतड्यात गेलं की ते अतिपरासारी ठरतं आणि शरीरातलंच पाणी आतड्याकडे येतं. ज्यासाठी पाजलं त्याच्या उलट होतं. पाकीट किती पाण्याचं आहे ते त्यावर लिहिलेलं असतं (लहान पाकिटंही मिळतात), तेवढंच पाणी घ्या.

युरियाने 'जळालेलं' झाड

पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) बुडाशी युरियाची मूठ जास्त पडली की दोनचार दिवसांत झाड माना टाकतं. घरी म्हणतात, "युरियानं जयलं." मुलं पेपरात तेच लिहितात आणि पुढे स्वतःची भर घालतात: 'युरियाच्या उष्णतेमुळे.' बादलीत युरिया घोळून हात घालून पाहा, पाणी चक्क गार लागतं. युरिया विरघळताना उष्णता शोषून घेतो. मुळांभोवतीचं द्रावण मुळांच्या पेशींपेक्षा दाट झाल्यामुळे पाणी पेशीतून बाहेर जातं, प्रद्रव्यपटल (पेशीचं पारपटल) भित्तिकेपासून सुटून आत आक्रसतं. हाच रससंकोच. युरियापासून तयार होणारा अमोनियाही मुळांना इजा करतो. पण तुमच्या प्रश्नात परासरण विचारलेलं असेल तर उत्तर पाण्यावरच ठेवा.

बटाट्याचा प्रयोग फसतो तेव्हा

दोन पेले, एकात साधं पाणी, दुसऱ्यात मिठाचं दाट पाणी, दोन्हींत बटाट्याच्या सारख्या फोडी. तासा-दीड तासाने साध्या पाण्यातल्या ताठ, खाऱ्यातल्या लुळ्या. इतका सोपा प्रयोग, तरी निम्मे गट 'काहीच फरक नाही' असं लिहून मोकळे होतात.

बहुतेक वेळा साल काढलेली नसते. बटाट्याची साल बुचासारखी, पाणी सहजी जाऊ न देणारी असते. कधी घरून उकडलेला बटाटा आणलेला असतो. उकडल्यावर पटलं फाटतात, निवड करणारं कोणी उरत नाही, त्यात परासरण दिसणार कसं? कधी वजनाचाच घोटाळा असतो. एका फोडीत अर्ध्या ग्रॅमचा फरक पडतो आणि तो किराण्याच्या काट्यावर उमटत नाही. दहा फोडी एकत्र तोला, किंवा ओळखीच्या सोनाराकडे न्या. तोलण्याआधी दोन्ही वेळा फोडी फडक्याने सारख्याच टिपा, नाहीतर वरचं ओलं पाणीही वजनात धरलं जाईल. सुरुवातीचं वजनच घेतलं नसेल तर शेवटचं घेऊन उपयोग नाही. आणि रात्रभर ठेवू नका. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलमध्ये सकाळी फोडींना वास येतो आणि वाचायला काहीच उरत नाही.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या शाळांना एक वेगळी अडचण आहे, ती पुस्तकात सापडणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचं, बोअरचं पाणी मुळातच खारट. 'साधं पाणी' म्हणून तेच घेतलं तर ते बटाट्याच्या मानाने बहुधा अवपरासारीच राहतं, पण फरक कमी झाल्यामुळे फोडी फारशा फुगत नाहीत. कॅनचं आरओ पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. वहीत पाणी कुठलं ते लिहून ठेवा. मी तरी अशा नोंदीला जास्त गुण देतो.

आकृतीत काय काढू नये

इथे फार वेळ घालवत नाही. वनस्पतीपेशीत प्रद्रव्यपटलाच्या जागी भित्तिका नसते, दोन्ही असतात. भित्तिका बाहेर, पटल आत. हरितलवक (अन्न तयार करणारं हिरवं अंगक) आहे म्हणून तंतुकणिका (श्वसनाचं अंगक) नाही, असंही नाही. झाडालाही श्वसन आहे. कांद्याच्या पापुद्र्याची आकृती काढताना पुस्तकी सवयीने हिरवे ठिपके देऊ नका. त्या पेशींत हरितलवकं नसतात.

त्याच आकृतीत शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं म्हणून 'प्रद्रव्यपटल' असा बाण दाखवणारेही असतात. पटलाची जाडी साधारण 7 ते 10 नॅनोमीटर, आणि साधा सूक्ष्मदर्शक सुमारे 200 नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दाखवूच शकत नाही. जी रेघ दिसते ती भित्तिकेची. रॉबर्ट हूकने 1665 मध्ये बुचाच्या कापात पाहिलं तेही मेलेल्या पेशींच्या भित्तिकाच. पटल कुठवर आहे ते बघायचं असेल तर लाल कांद्याचा जांभळा पापुद्रा घ्या आणि काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा. काही मिनिटांत जांभळा रंग भित्तिकेपासून सुटून मध्ये गोळा होतो. त्याची कड जिथे दिसते तिथवर पटल आलं.

विकर मरत नाहीत

'जास्त तापमानाला विकर मरतात.' मरायला ते जिवंत कुठे असतात? बहुतेक सगळे विकर प्रथिनं आहेत. उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडते, ज्या खाचेत पदार्थ बसतो तिचा आकार जातो, आणि काम थांबतं. थंड केल्याने ती घडी सहसा परत बसत नाही. थंडीत असं होत नाही. तिथे काम फक्त मंदावतं, ऊब दिली की पुन्हा सुरू होतं. 'शून्य अंशाला विकर नष्ट होतात' असं लिहिलेलं उत्तर म्हणून चूक.

विरजणाचंही असंच होतं. 'विरजणात विकर असतात, उकळत्या दुधात ते मरतात' या उत्तरात दोन गोष्टी एकात गुंतल्या आहेत. विरजणात जिवाणू असतात, ते खरोखर मरतात. लॅक्टोजचं लॅक्टिक आम्ल करणारे विकर त्या जिवाणूंच्या पेशीत असतात. आणखी एक: विकर अभिक्रियेत खर्च होत नाही, तोच रेणू पुन्हा पुन्हा वापरला जातो. आणि लाळेतल्या अमायलेज या विकरामुळे स्टार्चचं मुख्यतः माल्टोज होतं. थेट 'ग्लुकोज' लिहू नका.

आता लाळेचा प्रयोग. स्टार्चमध्ये लाळ घालून नळ्या वेगवेगळ्या तापमानाला ठेवायच्या आणि आयोडीन टाकून पाहायचं: स्टार्च उरला असेल तर रंग निळा. पुस्तकात 'कक्ष तापमान' वाचलं की 25 अंश गृहीत धरलेलं असतं. विदर्भात डिसेंबरच्या सकाळी वर्ग 15 अंशांच्या आसपास असू शकतो, एप्रिलच्या दुपारी 40 च्या पुढे. मग उन्हाळ्यात 37 अंशांच्या पाण्यात ठेवलेली नळी आणि नुसती टेबलावरची नळी सारख्याच वेगाने चालतात, कधी टेबलावरचीच पुढे जाते, आणि मुलं गोंधळून आकडे 'जुळवतात'. जुळवू नका. तापमापी लावा आणि खरा आकडा लिहा. तापमापी प्रयोगशाळेतली हवी. तापाची, 35 ते 42 अंशांची, गरम पाण्यात घातली तर फुटते. थंड नळीला माठाचं पाणी पुरत नाही, बर्फच लागतो.

चूळ भरून मग लाळ घ्या. तोंडात सुपारी-चुना असेल त्याची लाळ घेऊ नका, चुन्याने सामू (pH, आम्ल-अल्कतेचं माप) बदलतो. लाळेतल्या अमायलेजला सात सामूच्या जवळपास बरं चालतं. जठरातल्या पेप्सिनला मात्र दोनच्या आसपास लागतं, म्हणून 'सर्व विकर उदासीन माध्यमात काम करतात' हे वाक्यही गाळा.

स्टार्चसाठी भाताची पेज चालते, पण पातळ करून, पूर्ण गार करून. कढत पेजेत लाळ घातली की अमायलेज तिथेच निकामी होतं. पेज दाट असेल तर तास संपतो तरी निळा रंग हटत नाही, आणि 'लाळेचा परिणाम होत नाही' असा निष्कर्ष निघतो. आयोडीनचा एक थेंब पुरे. भाराभर ओतलं की त्याच्याच तपकिरी रंगात सगळं बुडतं. जोडीला दोन नळ्या ठेवायलाच हव्यात, एक उकळून गार केलेल्या लाळेची आणि एक नुसत्या पाण्याची. त्या दोन्हींत निळा रंग टिकला तरच तिसरीतला बदल विकरामुळे झाला असं म्हणता येतं.

सगळ्यात फसवी नळी गरम पाण्यातली. 80 अंशांच्या पाण्यातून काढून लगेच आयोडीन टाकलं तर निळा रंग येतच नाही, आणि मुलं आनंदाने लिहितात, 'स्टार्च पचलं.' स्टार्च-आयोडीनचा निळा रंग गरमपणात नाहीसा होतो, स्टार्च तिथेच असतो. ती नळी नळाखाली धरून गार करा. निळा परत आला तर स्टार्च जसाच्या तसा आहे, आणि 80 अंशांना अमायलेज निकामी झालं होतं. वहीत निरीक्षण म्हणून गार झाल्यानंतरचाच रंग लिहा.