रिटायर झाल्यावर राजकारण शिकायचं कसं, सोलापुरातल्या एका शिक्षकाचं सांगणं

पेन्शन सुरू होते, सकाळी कंबर तलावाची चक्कर होते, पेपर वाचून होतो आणि मग दिवसभर व्हॉट्सअॅपवर आलेलं राजकारण पुढं ढकलणं चालू होतं. आमच्या वयाच्या लोकांचं हे बघून मला मनापासून वाईट वाटतं, कारण आयुष्यभर ज्यांनी पोरांना शिकवलं, हिशोब तपासले, फायली हाताळल्या, त्या लोकांकडे वेळ पण आहे आणि अक्कल पण आहे, नुसती पद्धत पाहिजे. म्हणून हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की जो नेता अजून शिकतोय त्याच्यावर भरवसा ठेवावा, पण तो शिकतोय की नुसता बोलतोय हे ओळखायला आपण स्वतः शिकत असायला लागतं.

सुरुवात कुठून करायची, तर पक्षापासून नको. एक प्रश्न धरा, एकच, आणि तो मुळापर्यंत न्या. सोलापूरकराला प्रश्न शोधत फिरायला नको, पाणी आहे. दर पावसाळ्यात आपण म्हणतो की उजनी धरण शंभर टक्के भरलं तरी नळाला काही दिवसांच्या अंतरानं पाणी का? कुणीतरी नेता हेच वाक्य सभेत म्हणतो आणि टाळ्या पडतात. आता वहीत लिहायला बसा. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आसपास, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे तळाचं राखीव पाणी, मग उपयुक्त पाणी उरतं साधारण ५३ टीएमसी. पेपरात जी टक्केवारी येते ती या उपयुक्त साठ्याची, म्हणूनच उन्हाळ्यात धरण "वजा" मध्ये गेल्याची बातमी येते आणि तरी धरणात पाणी दिसतं. मग शहराला पाणी येतं कुठून ते बघा, उजनीहून थेट पाइपलाइन, टाकळीला भीमा नदीतून, आणि हिप्परग्याचा एकरुख तलाव. नदीवाटे द्यायचं तर भीमेवरच्या औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडावं लागतं आणि शंभराच्या वर किलोमीटर नदीपात्रातून येताना किती जिरतं, किती उडून जातं याचा विचार केला की पाइपलाइनची मागणी का झाली ते कळतं. त्यानंतर पंप, लाईट गेली की थांबणारं पंपिंग, धरण खाली गेलं की दुबार पंपिंग, म्हणजे तेच पाणी दोनदा उपसणं, शहरातल्या टाक्या, जुन्या गळक्या लाइनी आणि शेवटी तुमच्या गल्लीचा व्हॉल्व. एवढं कळलं की तुमच्या लक्षात येईल, धरण भरणं आणि नळ येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सभेत टाळ्या घेणाऱ्याला हे माहीत आहे का नाही ते तुम्ही एका प्रश्नात ओळखाल.

हे सगळं घरबसल्या होत नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसा, जुने पेपर मागा, पाण्यावर दर निवडणुकीला कोण काय बोललं होतं ते तारीख टाकून उतरवून घ्या. फार मजा येते ओ, खरं सांगतो, एकच आश्वासन वेगवेगळ्या तोंडी भेटतं.

दुसरं काम बजेटचं. महापालिकेचं अंदाजपत्रक जाड असतं म्हणून लोक घाबरतात, पण सगळं वाचायचं नसतंच. तीन आकडे शेजारी-शेजारी बघायचे, मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, चालू वर्षाचा सुधारित अंदाज किती आणि पुढच्या वर्षाला किती धरलेत. आपल्या विषयाची तेवढी पानं घ्या, पेन्सिलीनं खुणा करा. दर वर्षी मोठी रक्कम धरायची आणि प्रत्यक्ष खर्च थोडाच दाखवायचा असं दिसलं की तिथं प्रश्न आहे समजा. महसुली खर्च म्हणजे पगार, लाईटबिल, दुरुस्ती असला रोजचा, आणि भांडवली म्हणजे नवीन टाकी, नवीन लाइन. इतकं पुरे सुरुवातीला. खासदाराला मतदारसंघासाठी वर्षाला ५ कोटींचा निधी असतो, तो कशावर गेला हेही बघता येतं.

कागद मिळत नसंल तर माहिती अधिकार. २००५ चा कायदा आहे, अर्जाला १० रुपये फी, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो, आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवायचा. इथं एक कसब आहे ते नीट ऐका. "आमच्या भागात पाणी का येत नाही" असं विचारू नका, "का" चं उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. कागद मागा. अमुक टाकीवरून अमुक महिन्यात पाणी सोडल्याच्या नोंदवहीची प्रत द्या, असं लिहा. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये, आणि तिथंबी नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, आपल्याला पुणे खंडपीठ लागतं. अर्जाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आणि बोलताना क्लार्कला ओरडू नका, तो पण आपलाच कुणाचा तरी विद्यार्थी असतो.

आता माणूस कसा पारखायचा. उमेदवाराचं शपथपत्र, नमुना २६, ते निवडणूक आयोगाच्या साइटवर असतं, त्यात शिक्षण, मालमत्ता, कर्ज, गुन्हे सगळं लिहावं लागतं. शिक्षणाच्या रकान्यावर मात्र अडकू नका, हे मी शिक्षक असून सांगतोय. डिग्री म्हणजे कधीतरी शिकला होता एवढंच. आपल्याच जिल्ह्यात बघा की, सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या कोर्टात शिपाई होते, नोकरी करत शिकले, फौजदार झाले आणि २००३ ला मुख्यमंत्री. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, दुष्काळी तालुक्याच्या पाण्यावर आयुष्यभर अभ्यास करून बोलत राहिले. पक्ष वेगळे, स्वभाव वेगळे, तुमचं-माझं मत काही का असंना, शिकण्याची सवय बघा. आणि विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे. रोजगार हमीची कल्पना त्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात आधी करून बघितली, मग ती राज्यभर गेली, ७२ च्या दुष्काळात लाखो हातांना काम लागलं आणि १९७७ ला कायदा झाला. आधी छोट्या जागी करून बघायचं, चुकतंय ते दुरुस्त करायचं, मग मोठं करायचं. नेतृत्व म्हणजे माझ्या लेखी हेच, आणि माझ्या सगळ्या नोकरीत मला चांगला हेडमास्तर पण असाच दिसला.

समोरासमोर ओळखायची खूण सांगतो. आमच्या भागातल्या एका नगरसेवकाला आम्ही टाकीबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "सर, मला नक्की माहीत नाही, इंजिनिअरला विचारून सोमवारी सांगतो." आणि सोमवारी खरंच आला, हातात नकाशा घेऊन, कट्ट्यावर पसरून कुठली लाइन किती इंची ते बोट ठेवून दाखवलं. दुसऱ्या एकाला तेच विचारलं तर त्यानं लगेच उत्तर दिलं, मोठ्या आवाजात, आणि ते उत्तर आमच्या वहीतल्या एकाही नोंदीशी जुळत नव्हतं. माझं मत कुणाला ते वेगळं सांगायला नको.

सोलापुरात अजून एक गोष्ट शिकायला पाहिजे आणि ती कुणीच सांगत नाही. आपल्या शहराचं निम्मं राजकारण मराठीत चालतच नाही. पूर्व भागात तेलुगू, इकडं कन्नड, कुठं दखनी उर्दू. विडी वळणाऱ्या बायका मराठीत विचारलं तर "बरं हाय" म्हणतात आणि तेलुगूत त्याच बायका मजुरी किती कापली, पत्ता (विडीची पानं) किती खराब आला ते सगळं सांगतात. साठीनंतर भाषा येत नाही असं समजू नका, शेजारच्या घरात रोज पंधरा मिनिटं बसा, चार वाक्यं येतील, ऐकून कळायला लागलं की बास. विडी कामगारांच्या घरकुलाचं एवढं मोठं काम कुंभारीला उभं राहिलं, ते समजून घ्यायचं तर या बायकांच्या तोंडूनच ऐकायला पाहिजे, भाषणातून नाही.

गावाकडचे असाल तर ग्रामसभा सोडू नका. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, बहुतेक ठिकाणी याच तारखांना असते. झेंडावंदन झालं की लोक घरी जातात, तुम्ही थांबा, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा म्हणा.

आणि एकटे करू नका, चार-पाच जण मिळून करा, वेगवेगळ्या विचारांचे असले तर फारच चांगलं. आमच्यात एक रिटायर बँकवाले आहेत, एक गिरणीत काम केलेले, एक नर्सबाई, आणि कुणाचंच मत कुणाशी जुळत नाही. नियम दोनच ठेवलेत. येताना प्रत्येकानं एक कागद आणायचा, कात्रण, पावती, अर्जाची पोच काहीही. आणि नेत्याचं नाव घेतलं की लगेच त्याचं काम सांगायचं, वर्षासकट. पहिल्या बैठकीत जरा भांडणं होतील, होऊ द्या, वही मधे ठेवा आणि चहा सांगा.