जवानाच्या मृत्यूबद्दल शंका असेल तर कुटुंबाने काय करावे

युनिटमधून येणारा फोन बहुधा एक-दोन वाक्यांचाच असतो. मुलाने ड्यूटीच्या रायफलीने स्वतःवर गोळी झाडून घेतली, तो बराकीत गळफास घेतलेल्या अवस्थेत सापडला किंवा सरावात अपघात झाला, एवढेच सांगितले जाते आणि काही दिवसांत पार्थिव गेवराई, कंधार, उदगीर किंवा कळमनुरी तालुक्यातील गावी पोहोचते. आदल्या आठवड्यात त्याच मुलाशी रजेचे, बहिणीच्या लग्नाचे, बोअरच्या खर्चाचे बोलणे झालेले असते, म्हणून सांगितलेले कारण घरच्यांना पटत नाही. अशी शंका घेणे हा सैन्याचा अपमान नाही. त्याचबरोबर, शंका आली म्हणजे घातपात झालाच, असेही नाही. लष्कराने २०२३ साली दिलेल्या निवेदनानुसार २००१ पासून दरवर्षी सरासरी १०० ते १४० सैनिकांचा मृत्यू आत्महत्येने किंवा स्वतः करून घेतलेल्या इजेने होतो. त्यामुळे आत्महत्येची शक्यता मनातून पूर्णपणे काढून टाकू नये, पण पुरावा पाहिल्याशिवाय ती मान्यही करू नये.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. येथे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे तीन वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. मृत्यू कशाने झाला, हे पोलीस, शवविच्छेदन करणारे डॉक्टर आणि दंडाधिकारी पाहतात. तो कोणत्या परिस्थितीत झाला आणि त्यात कोणाची हयगय होती, हे लष्कराची कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे अंतर्गत चौकशी, पाहते. तो मृत्यू सेवेमुळे झाला असे धरायचे की नाही, हे निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात ठरते. निवृत्तिवेतन किंवा विम्याची रक्कम स्वीकारली म्हणून चौकशी मागण्याचा हक्क जात नाही, आणि चौकशी मागितली म्हणून निवृत्तिवेतन अडवता येत नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ होऊन अनेक घरे पहिली काही वर्षे गप्प राहतात, आणि नेमक्या त्याच काळात पुरावा नाहीसा होतो.

पार्थिव गावात आल्यानंतर

हे काही तास सर्वांत कठीण असतात आणि सर्वांत महत्त्वाचेही. गाव जमलेले असते, पुढारी येऊन थांबलेले असतात, अंधार पडण्याआधी अंत्यविधी उरकण्याची घाई असते. अशा वेळी घरातल्या आई-वडिलांनी किंवा पत्नीने नव्हे, तर एखाद्या शांत डोक्याच्या नातेवाइकाने पार्थिवासोबत आलेल्या सुभेदारांशी किंवा अधिकाऱ्यांशी बोलावे. मृत्यू कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत झाला, अकस्मात मृत्यूची नोंद कोणत्या क्रमांकाने झाली, शवविच्छेदन कोणत्या रुग्णालयात झाले, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतील अवयवांचे नमुने) राखून ठेवला आहे का, पार्थिव टिकावे म्हणून त्यावर रासायनिक प्रक्रिया कधी केली, ही माहिती विचारून वहीत लिहून घ्यावी आणि सांगणाऱ्याचे नाव, हुद्दा व वेळही नोंदवावी. समजली नाही अशा इंग्रजी किंवा हिंदी कागदावर त्या दिवशी सही करू नये. पार्थिव मिळाल्याच्या पावतीवर सही करायची असेल, तर ती केवळ पावतीच आहे ना, हे वाचून घ्यावे.

शरीरावरील खुणांची चांगल्या उजेडात, अंतराचा अंदाज येईल अशी मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे घ्यावीत, पण ती समाजमाध्यमांवर मुळीच टाकू नयेत. या खुणांचा अर्थ घरीच लावू नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. मृत्यूनंतर शरीराच्या खालच्या बाजूला रक्त साकळते आणि तेथील कातडी जांभळट दिसते. हे मारहाणीचे वळ आहेत, असा समज अनेकदा होतो. दूरवरून विमानाने आणलेल्या पार्थिवावर रासायनिक प्रक्रिया करताना मानेजवळ किंवा मांडीजवळ छेद दिलेले असू शकतात, त्यांनाही जखमा समजले जाते. याच प्रक्रियेमुळे नंतर काही विषांचा शोध घेणे अवघड होते, म्हणूनच पहिल्या शवविच्छेदनात राखलेला व्हिसेरा मोलाचा ठरतो.

शंका गंभीर असेल, तर अंत्यविधीपूर्वीच स्थानिक पोलीस ठाण्याचे निरीक्षक आणि उपविभागीय दंडाधिकारी या दोघांना लेखी अर्ज देऊन दुसऱ्या शवविच्छेदनाची मागणी करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. २०१७ साली नाशिकजवळच्या देवळाली छावणीत मृत्यू झालेल्या केरळच्या एका जवानाच्या कुटुंबाने अशी मागणी केली होती आणि त्याचे पार्थिव गावी गेल्यावर तेथील वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा तपासणी झाली. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, तसेच अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत न्यायवैद्यकशास्त्राचे विभाग आहेत. दहन झाल्यावर ही वाट कायमची बंद होते. लिंगायत, मुस्लिम किंवा ख्रिस्ती कुटुंबांत दफन झाले असल्यास मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली दंडाधिकारी पुरलेले शरीर बाहेर काढून तपासण्याचा आदेश नंतरही देऊ शकतात.

फोन, पेटी आणि वही

जवानाच्या सामानाची यादी युनिटकडून लेखी मागावी आणि मोबाइल, सिम, डायरी, पत्रे त्या यादीत आहेत का, ते पाहावे. मोबाइल परत मिळाल्यास तो उघडण्याचा सतत प्रयत्न करू नये, दुरुस्तीच्या दुकानात देऊ नये आणि रीसेट तर अजिबात करू नये. तो पोलिसांकडे पंचनामा करूनच द्यावा. त्याचा क्रमांक रिचार्ज करून चालू ठेवावा, नाहीतर काही महिन्यांत तो दुसऱ्याच्या नावावर जातो आणि त्याला जोडलेली खाती उघडणे कठीण होते. घरच्यांच्या स्वतःच्या फोनमधील संदेश, आवाजी निरोप आणि कॉलच्या नोंदी हाही पुरावाच आहे. कॉलच्या नोंदी मोबाइल कंपन्या कायम ठेवत नाहीत, म्हणून त्या जपून ठेवण्याची व मिळवण्याची मागणी पोलिसांकडे पहिल्या अर्जातच करावी. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत तो काय बोलला, रजा नाकारल्याचे, त्रासाचे, उधारीचे किंवा कोणाच्या भीतीचे काही सांगितले का, हे प्रत्येकाने एकमेकांशी चर्चा करण्याआधी स्वतंत्रपणे लिहून काढावे, कारण चार जण एकत्र बसले की चौघांच्या आठवणी एकसारख्या होऊन जातात.

पोलिसांकडे तक्रार

मृत्यू जम्मू, आसाम किंवा राजस्थानात झाला असला तरी आपल्या गावच्या ठाण्यात तक्रार देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस थेट करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती हद्दीचा विचार न करता नोंदवून घेऊन संबंधित ठाण्याकडे पाठवायची असते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. नोंद करण्यास नकार मिळाला, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. तक्रारीत ठोस गोष्टी लिहाव्यात. अमक्याने खून केला, असे पुराव्याविना लिहिण्यापेक्षा कोणत्या बाबी जुळत नाहीत, ते नेमके मांडावे: गोळीची दिशा, जखमांची संख्या, शस्त्र त्या वेळी त्याच्या नावावर दिलेले होते का, पहाऱ्यावर सोबत कोण होते, मृतदेह प्रथम कोणी पाहिला. आत्महत्या झाली असली, तरी तिला प्रवृत्त करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खालील स्वतंत्र गुन्हा आहे, हे विसरू नये. सहकाऱ्यानेच सहकाऱ्याला मारल्याचा आरोप असेल, तर खटला लष्करी न्यायालयात चालवायचा की नागरी, हा निर्णय लष्करी कायदा, १९५० च्या कलम १२५ व १२६ प्रमाणे होतो. त्यामुळे ‘हे सैन्याचे प्रकरण आहे, आमच्याकडे येत नाही’ हे ठाण्यातील उत्तर अंतिम मानू नये.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी आणि घरातील एकी

ही चौकशी शिक्षा देण्यासाठी नसून वस्तुस्थिती गोळा करण्यासाठी असते आणि कुटुंब तिच्यात पक्षकार नसते. तरीही कमांडिंग ऑफिसरना नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवून आपले म्हणणे व पुरावे नोंदवून घेण्याची, आणि चौकशी पूर्ण झाल्यावर निष्कर्षासह तिची प्रत देण्याची विनंती करावी. पत्राची प्रत जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या संबंधित अभिलेख कार्यालयालाही पाठवावी: मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला आणि ईएमईचे (विद्युत व यांत्रिक अभियंता दलाचे) सिकंदराबादला आहे. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी हा पत्रव्यवहार पुढे पाठवण्यास मदत करतात.

लष्कराच्या नोंदीत विवाहित जवानाची निकटची वारस बहुधा पत्नी असते आणि युनिट मुख्यतः तिच्याशीच पत्रव्यवहार करते. पैशाच्या वाटणीवरून सासर-माहेरात फूट पडते, सून माहेरी निघून जाते, सासू-सासरे वेगळे अर्ज करू लागतात आणि परस्परविरोधी तक्रारींमुळे मूळ प्रश्न बाजूला पडतो. हे मराठवाड्यातल्या अनेक घरांचे दुःख आहे. त्यातही सुनेवरच संशय घेऊन तिला गावात तोंड दाखवणे अशक्य करणे हा घोर अन्याय आहे आणि त्याने चौकशीचेही नुकसान होते. वाटणीचा वाद असलाच तर तो वेगळा ठेवून चौकशीचे सर्व अर्ज पत्नी आणि आई-वडील यांच्या संयुक्त सहीने जावेत.

माहितीचा अधिकार

भारतीय सेना माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कक्षेत येते. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर किंवा टपालाने, १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. ‘माझ्या मुलाचा मृत्यू कसा झाला’ असा प्रश्न न विचारता कागद मागावेत: चौकशीतील जबाब, निष्कर्ष व वरिष्ठांचे शेरे, त्या दिवसाची ड्यूटीची यादी, शस्त्र व दारूगोळा दिल्याची नोंद, रजेचे अर्ज आणि त्यांवरील निर्णय, वैद्यकीय नोंदी. सुरक्षेचे कारण देऊन सगळेच नाकारले, तर कलम १० नुसार संवेदनशील भाग वगळून उर्वरित भाग मागावा. तपास चालू आहे, एवढेच कारण पुरत नाही. माहिती दिल्याने तपासात कसा अडथळा येईल, ते दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात स्पष्ट केले आहे. नकारानंतर ३० दिवसांत पहिले अपील आणि त्याच्या निर्णयानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करावे. कागद मिळवण्याचा हा आग्रह वाया जात नाही. अमेरिकेचा सैनिक पॅट टिलमन २००४ साली अफगाणिस्तानात मारला गेला, तेव्हा तो शत्रूच्या गोळीने पडला, असे घरच्यांना सांगण्यात आले होते. आपल्याच तुकडीच्या गोळीबारात तो गेला, हे काही आठवड्यांनी मान्य झाले आणि पुढचे बरेच तपशील त्याच्या आईने सरकारी कागद वाचून, त्यांतील विसंगती दाखवून बाहेर काढले.

मुलगा सीआरपीएफ, बीएसएफ किंवा आयटीबीपीमध्ये असेल, तर मार्ग बदलतो. ही दले कायद्याच्या कलम २४ खाली वगळलेली आहेत. मात्र मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपाशी संबंधित माहिती केंद्रीय माहिती आयोगाच्या मंजुरीने मिळू शकते, म्हणून अर्जात तो आरोप स्पष्ट लिहावा.

निवृत्तिवेतन, न्यायाधिकरण आणि न्यायालय

मृत्यूची वर्गवारी कशी झाली यावर कुटुंबाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. सेवेशी संबंध नाही असे ठरले, तर सामान्य कुटुंब निवृत्तिवेतन मिळते व त्याचा नेहमीचा दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. सेवेमुळे मृत्यू झाला असे मानले, तर विशेष निवृत्तिवेतन ६० टक्के मिळते. अग्निवीरांना निवृत्तिवेतन नाही. ४८ लाखांचा विमा असतो आणि सेवेमुळे झालेल्या मृत्यूस ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान वेगळे मिळते. वर्गवारी मान्य नसेल तर आधी विभागीय अपील करून नंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अंतिम आदेशापासून ६ महिन्यांत जावे. निमलष्करी दलांना हे न्यायाधिकरण लागू नाही; त्यांच्या कुटुंबांसाठी उच्च न्यायालय आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे तक्रार एका वर्षाच्या आत करावी लागते आणि सशस्त्र दलांच्या बाबतीत आयोग केंद्र सरकारकडून अहवाल मागवून शिफारस करतो, एवढीच त्याची मर्यादा आहे.

स्वतंत्र यंत्रणेकडून तपास हवा असेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. ती छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात चालेल की मृत्यू झालेल्या राज्यात, हे वकिलांशी बोलून ठरवावे. वकिलाच्या फीची चिंता असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, कारण १९८७ च्या कायद्यानुसार कोणत्याही महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि २०२५ पासून वीर परिवार सहायता योजनेखाली सैनिक कल्याण कार्यालयांतूनही असे साहाय्य देण्याची व्यवस्था सुरू झाली आहे. पहिल्या भेटीला जाताना शवविच्छेदन अहवाल, पंचनामा, मृत्यू प्रमाणपत्र, केलेल्या सर्व अर्जांच्या पोच आणि तारखांची वही सोबत न्यावी. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत, फक्त झेरॉक्स द्याव्यात.