ऑनलाइन लिलावातील फसवे वर्णन : विक्रेत्याने काय लिहावे, खरेदीदाराने काय तपासावे

हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव होतो तेव्हा माल डोळ्यांसमोर असतो. कल्ले उघडून पाहता येतात आणि मगच बोली लावली जाते. ऑनलाइन लिलावात विक्रेत्याचे चार शब्द आणि त्याने काढलेले फोटो एवढाच आधार असतो, म्हणून जबाबदारीचा मोठा वाटा वर्णन लिहिणाऱ्यावर येतो, असे माझे ठाम मत आहे.

होडीचे जुने आउटबोर्ड इंजिन (होडीच्या मागे बाहेरून बसवायचे) विकायचे आहे, असे समजू. विक्रेत्याने ‘चालू स्थितीत’ असे मोघम लिहून थांबू नये. इंजिन शेवटचे कधी चालवले, खाऱ्या पाण्यात किती वर्षे वापरले, कोणता भाग बदलला आणि कोणता दोष ठाऊक आहे, हे स्पष्ट लिहावे. वस्तू वर्णनाप्रमाणेच असली पाहिजे, ही माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ मधील अट आहे. ‘जसे आहे तसे’ असे लिहिले म्हणून ठाऊक असलेला दोष लपवण्याची मुभा मिळत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार केवळ गप्प राहणे ही सहसा फसवणूक ठरत नाही. परंतु गंजावर रंग मारून फोटो काढणे म्हणजे गप्प राहणे नव्हे, ती सत्य दडवण्याची कृती आहे. भाव चढवण्यासाठी नातेवाइकाच्या नावाने खोटी बोली लावली, तर माल विक्री अधिनियमाच्या कलम ६४ नुसार खरेदीदार ती विक्री रद्द ठरवू शकतो.

खरेदीदारानेही डोळे उघडे ठेवावेत, कारण करार कायद्याच्या कलम १९ मध्ये एक महत्त्वाचा अपवाद आहे: विक्रेत्याने जाणूनबुजून खोटे सांगितले नसेल, केवळ अजाणता चुकीची माहिती दिली असेल किंवा मौन बाळगले असेल, आणि साध्या चौकशीने सत्य कळू शकले असते, तर करार रद्द करता येत नाही. म्हणून बोली लावण्यापूर्वी प्रश्न लेखी विचारावेत आणि व्हिडिओ मागावा. थंड इंजिनाचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून ते चालू करायला सांगावे. बाजूच्या बारीक छिद्रातून पाण्याची सलग धार पडते का, ते पाहावे. धार क्षीण असेल, तर पाण्याचा पंप झिजला असेल किंवा आतल्या मार्गात मीठ साचले असेल. इंजिनावरील क्रमांकाच्या पट्टीचा जवळून घेतलेला फोटोही मागावा.

माल आल्यावर खोके उघडतानाच चित्रीकरण करावे. इंजिन वर्णनाप्रमाणे नसेल, तर ते होडीला बसवू नये, स्थानिक मेकॅनिककडून खोलून घेऊ नये आणि विक्रेत्याला ताबडतोब लेखी कळवावे. वस्तू वापरली किंवा वाजवी काळापलीकडे ठेवून घेतली, तर ती स्वीकारल्याचे मानले जाते. मग ती परत करण्याचा हक्क सहसा जातो आणि केवळ भरपाई मागता येते. ही चूक घाईमुळे, बहुधा हंगाम तोंडावर आल्यामुळे होते.

त्यानंतर संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात निवारण करणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मुळे तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. म्हणजे विक्रेता मुंबईचा असला तरी दापोलीच्या खरेदीदाराला रत्नागिरी जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. स्वतः होडीवर जाऊन पोट भरणारा मच्छीमार ग्राहकच ठरतो. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा मात्र ठरत नाही. विक्री हा ज्याचा व्यवसाय नाही अशा माणसाने घरातली एखादी वस्तू विकली असेल, तर दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरावा लागू शकतो.

कोठेही गेले तरी मूळ जाहिरातीचे, प्रश्नोत्तरांचे आणि पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट लागतात. लिलाव संपल्यावर जाहिरात बदलली किंवा काढली जाऊ शकते, म्हणून ते बोली लावण्यापूर्वीच घ्यावेत आणि ज्या फोनवर घेतले तो फोन जपून ठेवावा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत, तो कोणत्या उपकरणातून कसा घेतला हे सांगणारे प्रमाणपत्र जोडावे लागते.