कोकोनट सोलायचा कसा

पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, येऊन गेला की आमच्या गोव्यातल्या पेडण्याच्या अंगणात चार दिवस नारळांचा ढीग असतो. शिकवणीच्या मुलांना इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायला मी त्या ढिगापाशीच बसवते. पहिला शब्द अर्थातच कोकोनट.

आधी सोडण, म्हणजे वरची साल काढा, म्हणजेच शब्दाचे तुकडे पाडा. 'नट' म्हणजे कठीण कवचाचं फळ. ते इंग्रजीने मागाहून चिकटवलं. उरलं 'कोको'.

आता विचारा, हे नाव इंग्रजांकडे आलं कोणाकडून? मार्को पोलोच्या काळी युरोपात नारळाला 'भारतीय नट' म्हणत. 'कोको' रुळलं ते पोर्तुगिजांच्या तोंडी, वास्को द गामाच्या १४९८च्या सफरीनंतर. तेव्हा नुसता इंग्रजी कोश पुरत नाही, पोर्तुगीज कोशही उघडा. आमच्याकडे ती सोय घरातच होती, आजोबा लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज शाळेत शिकलेले. पोर्तुगीजमध्ये 'कोको' म्हणजे पोरांना भिववायचा बागुलबुवा. सोळाव्या शतकातल्या जुआंव द बारुश या पोर्तुगीज इतिहासकाराने नावाचं कारण तेच लिहून ठेवलंय. खरं-खोटं बघायला नारळाची शेंडी उपटा आणि तोंड आपल्याकडे फिरवा. तीन डोळे दिसले? वर्गातलं धाकटं पोर इथे हमखास किंचाळतं.

इथवर सोपं. घसरतात सगळे पुढच्या पायरीवर. कोणीतरी म्हणतंच, "बाई, चॉकलेटचा कोको पण हाच ना?" नाही रे बाबा! तो मेक्सिकोच्या नाहुआट्ल भाषेतून, स्पॅनिश 'काकाव'मार्गे आला. पण मुलांना मी रागवत नाही. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशातही या दोघांची सरमिसळ झाली आणि त्यापायी कित्येक वर्षं नारळाच्या इंग्रजी स्पेलिंगात उगाच एक 'ए' घुसून बसला. उच्चार जुळला म्हणून सोयरीक जुळवू नका. वस्तू कुठली, ती कोणी आणली, जुनं स्पेलिंग काय, हे तिन्ही वहीत लिहा, मगच बोला.

हात बसला की त्याच नारळाचे आणखी दोन शब्द घ्या. सुकं खोबरं ते 'कोप्रा', मूळ मलयाळम 'कोप्परा', आणि आपलं खोबरं त्याच्याच नात्यातलं. सोडणाचा काथ्या तो 'कॉयर', मलयाळम 'कयर', म्हणजे दोरी. दोन्ही शब्द पोर्तुगीजमधूनच पुढे गेले. नारळ केरळचा, पण त्याचं नाव मात्र लिस्बनच्या बागुलबुवाचं, ही गंमत मला अजून पुरती पचलेली नाही.

पुढचा धडा 'मँगो'. तो मानकुराद आंबा बाजारात आल्याशिवाय मी घेत नाही.